दोष वाऱ्याचा नव्हे, सांध्यांचा

'निसर्ग' चक्रीवादळाचा विषय निघाला की कोकणात आजही दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले वाक्य, 'एवढ्या वाऱ्यापुढे कुणाचे काय चालणार?' आणि दुसरे, 'स्लॅबचे घर असते तर काही झाले नसते.' ग्रामसभेत हीच वाक्ये, पुढाऱ्यांच्या भाषणात हीच, मुंबईहून गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या गप्पांत हीच आणि बांधकामातले कळते असे आपण ज्यांना समजतो त्यांच्याही तोंडी हीच. माझ्या मते ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, आणि त्यांनी नुकसानही केले आहे. पहिल्या वाक्यामुळे आपण प्रयत्नच सोडून देतो. दुसऱ्यामुळे ज्याच्याकडे स्लॅबचे पैसे नाहीत त्याच्यासाठी करण्यासारखे काही उरत नाही, असा समज पक्का होतो. करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. ते स्वस्त आहे आणि गावातल्या सुताराला, वेल्डरला जमणारे आहे.

आधी पहिल्या वाक्याकडे वळतो. ३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत जमिनीवर आले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. हा वारा भयंकर होता, यात वाद नाही. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. पण आपल्याकडे इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा हे सांगणारी एक संहिता आहे: भारतीय मानक ८७५, भाग ३. तिच्यात देशाचा नकाशा आहे आणि प्रत्येक पट्ट्यात वाऱ्याचा किती वेग गृहीत धरून बांधायचे हे त्यावर दिलेले आहे. मुंबईसाठी तो सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर आहे. पुण्यासाठी ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. कोकणचा किनारा या दोन आकड्यांतच बसतो. हा वेग सरासरी वाऱ्याचा नसून तीन सेकंदांच्या झोताचा आहे, म्हणजे 'निसर्ग'च्या १२० शी त्याची तुलना थेट करता येते.

ही तुलना करून पाहिली की 'एवढ्या वाऱ्यापुढे' या शब्दांतला जोर ओसरतो. ज्या वाऱ्याला तोंड देण्यासाठी आपल्या इमारती बांधायला हव्यात असे आपल्याच संहितेत लिहिले आहे, त्याहून कमी वाऱ्यात आपली छपरे गेली. काही ठिकाणी वारा जास्त असेल. टेकडीच्या माथ्यावर, खाडीच्या तोंडाशी तो वाढतोच. संहितेने तेही धरले आहे, त्यासाठी वेगळा गुणक दिला आहे. छोट्या घरांना ही मोठ्या इमारतींची संहिता कशाला, असे कुणी विचारेल. त्याचेही उत्तर आहे. २००४ मध्ये भारतीय मानक १५४९८ निघाले, तेच मुळी बैठ्या आणि कमी उंचीच्या घरांची चक्रीवादळाला तोंड देण्याची ताकद कशी वाढवावी यासाठी. छपराचा उतार किती असावा, वळचण किती बाहेर काढावी, छप्पर भिंतीला कसे जखडावे, हे सगळे त्यात आहे. रायगड-रत्नागिरीतल्या किती ग्रामपंचायतींच्या कपाटात ते सापडेल?

याच वाक्याला जोडून आणखी एक आकडा फिरतो, १२९ वर्षांचा. 'असे वादळ १२९ वर्षांत आले नव्हते, आता पुन्हा येईल तेव्हा आपण कुठे असणार!' हा आकडा १८९१ पासून मोजलेला आहे आणि तो फक्त जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलेल्या वादळांपुरता आहे. वारा महिना बघून येत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. 'निसर्ग'ला वर्ष पुरे व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातला धडकले. ते जमिनीवर आले तिकडे, पण जाता जाता सिंधुदुर्गापासून मुंबईपर्यंत पुन्हा छपरे काढून गेले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली आहेत. अरबी समुद्र शांत असतो, वादळे बंगालच्या उपसागराची, हे आपण शाळेत शिकलो. आता ते धरून चालणे परवडणारे नाही.

वाऱ्याने छप्पर जाते म्हणजे नेमके काय होते, हे नीट पाहिले की माझे म्हणणे पटेल. बहुतेकांना वाटते की वारा घराला ढकलतो. भिंतीला तो ढकलतो हे खरे, पण छपराला तो वर ओढतो. पाख्यावरून वारा वेगाने सरकतो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि छपरावर उपसा बसतो. सर्वात जास्त ओढ बसते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरच्या झोतात हा जोर चौरस मीटरला साधारण ६५ ते ७० किलो भरतो, कोपऱ्यांत त्याच्या दुपटीपर्यंतही जातो. दहा फुटी पत्रा घ्या. त्याचे वजन पंधरा किलोच्या आसपास आणि वाऱ्याची ओढ दोनशे किलोंहून अधिक. वजनाच्या जोरावर पत्रा जागेवर राहील ही आशाच नको. त्याला धरून ठेवतात ती हुके आणि स्क्रू.

वादळानंतर गावागावांत पत्र्यांचे ढीग पडले होते. त्यातला एखादा पत्रा उचलून हुकाचे भोक कुणी बघितले का? मी बघत असे. बहुतेक भोके गोल राहिली नव्हती. पन्हाळीच्या रेषेत ती लांबट फाटलेली होती, कडा बाहेर वळलेल्या होत्या. त्यावर ना जाड वायसर होते, ना रबर. एका पत्र्याला तीन-चार ठिकाणीच पकड होती, तीही मधल्या भागात. कडेच्या ओळीला, जिथे ओढ सर्वात जास्त, तिथे मोकळे. काही ठिकाणी जे-हूक सरळ होऊन पाइपवरून निसटले होते. ओढीखाली तो आकडा उघडतो, म्हणून वादळी भागात पाइपला दोन्ही बाजूंनी कवटाळणारा यू-बोल्ट बरा. फाटलेले भोक आणि सरळ झालेला आकडा या दोन गोष्टी पाहिल्यावर 'निसर्गाचा कोप' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. तिथे एक वायसर कमी होते आणि चार हुके कमी होती.

पत्रा टिकला तरी पुढचा सांधा असतो. कित्येक घरांत पत्र्यांसकट सगळी फ्रेम, पाइप-अँगलसह, एकसंध उचलली गेली आणि शेजारच्या वाडीत जाऊन पडली. म्हणजे फॅब्रिकेटरने पत्रे चोख बसवले होते, पण फ्रेम जांभ्याच्या भिंतीवर नुसती टेकवली होती. चिऱ्याच्या वरच्या थरात एखादा सळईचा तुकडा सिमेंटने बसवला आणि त्याला वेल्डिंगचा टाका मारला, इतकीच त्या छपराची मुळे. वरचा एक चिरा किती किलोचा असतो? त्याच्यावर शेकडो किलोंची ओढ आली की तो चिरा छपराबरोबरच वर जाणार. सळई खाली तीन-चार थरांपर्यंत उतरवायला हवी होती, किंवा भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घालून त्यात अँकर बोल्ट सोडायला हवे होते. जुन्या लाकडी घरांतही हेच. वासे तुळईवर खिळ्याने ठोकलेले असतात. खिळा भार खाली जाताना उत्तम काम करतो, वर ओढल्यावर तो सुटतो. तिथे पट्टी हवी, वाशावरून घेऊन तुळईला दोन्ही बाजूंनी बोल्ट केलेली, बोटभर रुंद लोखंडी पट्टी. गावातला कुठलाही लोहार ती वाकवून देईल.

इथे एक गैरसमज खोडून काढायलाच हवा, कारण त्यापायी दर वादळात घरे जातात. 'वादळात दारे-खिडक्या उघड्या ठेवा, हवा आरपार जाऊ द्या, छप्पर उडणार नाही.' मोठी माणसे हे खात्रीने सांगतात. घडते ते उलट. वाऱ्याकडच्या बाजूची खिडकी उघडी असली की घरात हवा कोंदते आणि छपराला आतून वर रेटते. बाहेरून ओढ आणि आतून रेटा, दोन्ही एकाच वेळी. वाऱ्याकडची दारे-खिडक्या घट्ट लावा, आतून अडसर घाला, शक्य असेल तर फळ्या ठोका. उघडी पडवी याच कारणाने सर्वात आधी जाते. ती तिन्ही बाजूंनी मोकळी असते, वारा खाली शिरून तिला वर ढकलतो, आणि पडवीचे छप्पर मुख्य छपराला सलग जोडलेले असेल तर ती माजघराचे छप्परही बरोबर घेऊन जाते. पडवी वेगळी जखडा, मुख्य छपरापासून तोडून.

आता दुसरे वाक्य, स्लॅबचे. स्लॅब उडत नाही हे मी मान्य करतो. ज्याला परवडते त्याने जरूर बांधावा. पण उपाय म्हणून तो सरसकट सांगणाऱ्यांनी कोकणातल्या स्लॅबच्या घरांवर एकदा नजर टाकावी. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात सपाट स्लॅब गळतो, म्हणून पाच-सात वर्षांत त्याच्यावर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची शेड चढते. रायगड-रत्नागिरीत हे जागोजागी दिसेल. ही शेड आणखी उंचावर असते, चारी बाजूंनी उघडी असते आणि कठड्याला चार बोल्टनी धरलेली असते. 'निसर्ग'मध्ये अशा शेड उडाल्या, आणि शेजारच्या कौलारू घरांवर जाऊन पडल्या. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवरही हीच शेड आहे. स्लॅब घातला म्हणून सांध्याचा प्रश्न संपत नाही, तो एक मजला वर जातो.

शिवाय स्लॅब जुन्या घरावर चढत नाही. मातीत बांधलेल्या जांभ्याच्या भिंतींना तो भार झेपणार नाही. म्हणजे आधी आहे ते घर पाडायचे, मग नवे बांधायचे. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला, बागेतली सुपारी भुईसपाट झालेल्या शेतकऱ्याला हा सल्ला देणे म्हणजे काहीच न देणे. नवी पोफळ फळायला सहा-सात वर्षे लागतात. त्या काळात तो स्लॅबचे कर्ज कुठून फेडेल? आणि खाऱ्या हवेत हलक्या प्रतीचे काँक्रीट घातले तर आतली सळई गंजून वीस वर्षांत स्लॅबचे पापुद्रे सुटतात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

जुन्या कौलारू घराची मात्र मला बाजू घ्यायची आहे. ज्याला आपण कमकुवत समजतो त्या चौपाखी घरात वाऱ्याचे पुष्कळ शहाणपण आहे. चारी बाजूंना उतार असल्यामुळे वाऱ्याला कुठेही उभी त्रिकोणी भिंत सापडत नाही. उतार चांगला तीस अंशांचा, त्यामुळे छपरावरची ओढ कमी. दहा-पंधरा अंशांचे चपटे पत्र्याचे छप्पर वाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट. मंगलोरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला चाळीस किलोच्या पुढे जाते, पत्रा पाच किलोंच्या आत. शिवाय कौलांच्या फटींतून हवा जाते, त्यामुळे आतबाहेरच्या दाबातला फरक थोडा निवळतो. वादळात कौले निखळतात, फुटतात, घरात पाणी येते, मान्य. पण वासे-रिपा पुष्कळदा जागेवर राहतात आणि माणूस चार दिवसांत कौले चढवून पुन्हा डोक्यावर छप्पर घेतो. 'निसर्ग'नंतर काय झाले? कौले मिळेनात, म्हणून लोकांनी पत्रे घेतले. पावसाळा तोंडावर होता, टाळेबंदी चालू होती, पत्र्यांचा तुटवडा होता, भाव चढले होते. जे मिळेल ते, जसे जमेल तसे ठोकले. कौलांची चौपाखी घरे गेली आणि त्यांच्या जागी हलकी, चपटी, दोन पाख्यांची छपरे आली. पुढच्या वादळासाठी आपण आधीपेक्षा कच्चे झालो आणि त्याला आपण 'पुनर्बांधणी' म्हटले.

एके काळी दर वर्षी आगोटीला शाकारणी व्हायची. घरधनी स्वतः वर चढायचा, कौले परतायचा, किडलेली रीप बदलायचा, सैल झालेला वासा पुन्हा बांधून घ्यायचा. छपराच्या प्रत्येक सांध्यावर वर्षातून एकदा माणसाचा हात पडायचा. आज घर बंद आहे, धनी बोरिवलीला किंवा डोंबिवलीला आहे आणि पत्र्याला 'मेंटेनन्स लागत नाही' म्हणून तो बसवला आहे. पत्र्याला देखभाल लागते. समुद्रकाठी हूक दोन-चार पावसाळ्यांत गंजते, रबर कडक होऊन तडकते, स्क्रू फिरून सैल होतो. मे महिन्यात एक दिवस वर चढून हुके आवळायची, गंजलेली बदलायची, ही आजची शाकारणी आहे.

हा प्रश्न कोकणापुरता आहे असे समजणाऱ्यांनी संहितेतला तो वाऱ्याचा नकाशा पुन्हा उघडावा. नागपूर त्यावर मुंबईच्याच पट्ट्यात आहे, ४४ मीटरच्या. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात दर वर्षी पत्रे उडतात, आणि दर वर्षी ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. तिथल्या घरांच्या पत्र्यांवर दगड ठेवलेले असतात, ओळीने, डोक्याएवढे. हे दगड म्हणजे पत्रा बांधलेला नाही याची उघड कबुली आहे. पत्रा हलला की हेच दगड खाली झोपलेल्या माणसांवर येतात. त्यापायी माणसे जखमी झाल्याच्या, दगावल्याच्याही बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या दगडांच्या जागी हुके बसवायला लागणारा पैसा त्या घराला परवडणार नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा हुकांचा भाव विचारावा. परवडत नाही ते छप्पर पुन्हा विकत घेणे.

दुकानदारांनी आणि लहान उद्योजकांनीही याकडे पाहायला हवे, कारण त्यांचे नुकसान पंचनाम्यात नीट येत नाही आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. दुकानाचा दुबळा सांधा म्हणजे शटर. रुंद शटर वाऱ्याच्या दाबाने मध्ये पोट काढते आणि त्याच्या कडा दोन्ही बाजूंच्या खाचांतून निसटतात. शटर गेले की वारा आत, आणि मग वरचा पत्रा. उपाय साधा आहे. वादळाचा इशारा आला की शटरच्या मधोमध आतून एक काढता-घालता येणारा उभा लोखंडी खांब लावायचा, खाली फरशीत आणि वर तुळईत बोल्ट केलेला. बाजूच्या खाचा खोल करून घ्यायच्या. पोल्ट्रीवाल्यांच्या शेड लांबलचक आणि बाजूंनी उघड्या असतात, म्हणून त्यांनी खांब पायाशी नीट गाडले आहेत का आणि तिरके ताण दिले आहेत का, हे आधी पाहावे. नुसत्या पत्र्यांवर खर्च करून उपयोग नाही.

आणि फलक. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळला आणि १७ माणसे गेली. मुंबईत परवानगी ४० बाय ४० ची असते. त्या दिवशीही पहिली प्रतिक्रिया 'अचानक आलेले वादळ' अशीच होती. मग व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी पाया तपासला. त्यांच्या अहवालातले जे आकडे प्रसिद्ध झाले त्यांनुसार तो पाया ताशी फक्त ४९ किलोमीटर वाऱ्यापुरता होता, हवा होता १५८ चा आणि त्या दिवशीचा वारा ८७ चा होता. १५८ हा तोच आकडा, संहितेतल्या मुंबईच्या ४४ मीटरचा. घाटकोपरला माणसे गेली म्हणून कुणीतरी पायाच्या काँक्रीटपर्यंत जाऊन विचारले की हे का पडले. श्रीवर्धनच्या, दापोलीच्या, मंडणगडच्या हजारो छपरांबद्दल हा प्रश्न कुणी विचारला नाही.

तो विचारला तर काय होते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. १९७४ च्या नाताळात 'ट्रेसी' चक्रीवादळाने डार्विन शहर उद्ध्वस्त केले. साठहून अधिक माणसे मेली आणि शहरातली बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. घरे आपल्यासारखीच, हलकी, पत्र्याच्या छपरांची. तिथल्या अभियंत्यांनी पडलेली घरे सांधा सांधा करून तपासली. त्यांना आढळले की एका मोठ्या झोताने पत्रे गेले नव्हते. तासन्‌तास येणाऱ्या झोतांमुळे पत्रा वरखाली हलत राहिला, स्क्रूभोवतीचा धातू थकला, तिथे तडे गेले आणि मग तो स्क्रूवरून ओढला गेला. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तसे. या एका निदानावरून स्क्रूखालचे वायसर बदलले, स्क्रूंची संख्या बदलली, पत्र्यापासून पायापर्यंत सलग सळई घेण्याचा नियम आला. १९७७ मध्ये टाउन्सविलच्या जेम्स कुक विद्यापीठात चक्रीवादळ चाचणी केंद्र सुरू झाले, तिथे आजही छपराचा प्रत्येक नमुना हजारो वेळा ओढून पाहतात. डार्विनने पत्रा सोडला नाही. पत्रा बांधायला ते शिकले.

आपल्याकडे वादळानंतर चर्चा होते ती भरपाईच्या रकमेची. 'निसर्ग'नंतर पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाख करण्यात आली. चांगले झाले, आणखी वाढली तरी मला हवीच आहे. पण मदत वाढवा म्हणणाऱ्यांशी माझे भांडण एवढ्यासाठी आहे की ते तिथेच थांबतात. त्या पैशातून पुन्हा तसेच छप्पर, तसेच ठोकून उभे राहिले, तर आपण पुढच्या पंचनाम्याचीच सोय करून ठेवली. कोकणासाठी आखलेल्या आपत्ती सौम्यीकरणाच्या कामांत भूमिगत वीजवाहिन्या आहेत, निवारा केंद्रे आहेत, धूपप्रतिबंधक बंधारे आहेत, आणि ती सगळी हवीत. 'निसर्ग'मध्ये वेळेवर इशारे मिळाले, लोकांना हलवले, म्हणून जीवितहानी कमी झाली, हे मोठेच काम होते. पण निवारा केंद्रातून माणूस संध्याकाळी घरी परततो तेव्हा घराला छप्पर असावे, यासाठी आपली योजना काय?

घरकुल योजनेत हप्ते टप्प्याटप्प्याने मिळतात, आणि प्रत्येक टप्प्याचा स्थळाच्या नोंदीसह फोटो घेतला जातो. पाया झाला, फोटो. छप्पर झाले, फोटो. त्या छपराच्या फोटोबरोबर आणखी दोन फोटो सक्तीचे करा: कडेच्या पत्र्याच्या हुकांचा जवळून, आणि फ्रेम भिंतीला जिथे जखडली आहे त्या जागेचा. नवा कर्मचारी लागत नाही, नवा निधी लागत नाही. वादळाच्या भरपाईतला एक भाग रोख न देता हुके, वायसर, पट्ट्या आणि ते बसवणाऱ्या कारागिराच्या मजुरीसाठी राखून ठेवा. आयटीआयमध्ये वेल्डर आणि सुतार शिकतात, त्यांच्या अभ्यासात वाऱ्याच्या ओढीचा एक धडा घाला, कारण गावात छप्पर कसे बसेल हे ठरवणारा माणूस इंजिनीअर नसतो, तो हा मुलगा असतो.

आणि पंचनामा बदला. आजच्या पंचनाम्यात घर अंशतः पडले की पूर्णतः, पत्रे किती गेले, अंदाजे नुकसान किती, इतके लिहिले जाते. त्यात तीन प्रश्न वाढवा. पत्रा हुकातून फाटून गेला, की पत्र्यांसह फ्रेम भिंतीवरून उचलली गेली, की भिंतच पडली? दारे-खिडक्या बंद होत्या का? छपराला किती पाखे होते आणि ते कौलारू होते की पत्र्याचे? हे प्रश्न ठेवले तर काही जण म्हणतील, गावपातळीवरच्या महसूल कर्मचाऱ्याला हे तांत्रिक कसे कळणार, आधीच त्याच्यावर कामाचा बोजा आहे. बोजा आहे हे खरे. पण ज्याला सातबाऱ्यावरची आणेवारी आणि पोटहिस्से कळतात, त्याला फाटलेले भोक आणि उखडलेला चिरा ओळखता येत नाही, हे मला मान्य नाही. घरमालक तर त्याला बोट ठेवून दाखवील. पुढच्या वादळानंतर एका तालुक्यातले असे हजार पंचनामे एकत्र आले, तर त्या तालुक्यातली छपरे कुठल्या सांध्यापाशी सुटतात याचा हिशेब आपल्याकडे पहिल्यांदा लिहिलेला असेल, आणि कुठल्या गावात हुके वाटायची, कुठे भिंतीवर पट्टा घालायला पैसे द्यायचे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला पुढच्या मेच्या आत ठरवता येईल.